निळ्यावर पांढरा धावदोरा

सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिवणाच्या बाईंनी, माझं फडकं हातात घेतलं आणि नक्षीकडे न बघता आधी उलटं केलं.

दोन आठवडे खपून मी ते शिवलं होतं. निळ्या सुती कापडाचे दोन पदर, साधारण वीतभराहून थोडा मोठा चौकोन, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने आसानोहा, म्हणजे ताग-अंबाडीसारख्या एका झाडाच्या पानाची सहा टोकांची नक्षी. शिवून झालं तेव्हा सुरेख दिसत होतं. मग मी ते धुतलं आणि वाळल्यावर पाहते तर मधोमध चुण्या पडलेल्या, कडा आत ओढलेल्या, भाजलेल्या पापडासारखा आकार झालेला. सेन्सेईंनी मागच्या बाजूवर अंगठा फिरवला. जिथे जिथे मी वळण घेतलं होतं तिथे दोरा तारेसारखा ताणलेला होता. त्या एकच शब्द बोलल्या, ‘इतोकोकी’.

इतो म्हणजे दोरा. आठ-दहा टाके सुईवर भरून दोरा ओढून घेतला की कापड गोळा होतं. त्या वेळी डाव्या हाताने पहिला टाका धरायचा आणि उजव्या हाताच्या चिमटीत शिवण घेऊन टोकापर्यंत सरकवत न्यायची, म्हणजे दोरा कापडात सैल बसतो. याचं नाव इतोकोकी. टाके सैल दिसता कामा नयेत, पण ओढलेलेही राहता कामा नयेत. कापड आकसलं, ताणलं गेलं, तर दोऱ्यालाही हलायला जागा हवी. वळणावर तर मागच्या बाजूने अगदी बारीकसा झोळ मुद्दाम सोडायचा. मी तो सोडला नव्हता. एकदा नव्हे, प्रत्येक वळणावर सोडला नव्हता.

त्या दिवशी वर्गात मी दुसरं काहीच केलं नाही. बसून सगळं उसवलं.

टोकियोत नोकरीसाठी येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आमच्या वस्तीच्या सभागृहात महिन्यातून दोन शनिवारी साशिकोचा वर्ग भरतो. आम्ही नऊ-दहा जणी, बहुतेक साठीच्या पुढच्या. मी नाव घातलं ते नक्षीच्या मोहाने. साशिको म्हणजे काय, तर आपला धावदोरा. जपानी शब्दाचा अर्थही भोसकणं, टोचणं असाच काहीतरी आहे. सुई आत, सुई बाहेर, सुई आत. आईच्या हाताखाली मी गोधडीला दोरे घातले होते, त्यामुळे हे मला येतंच असं वाटत होतं. पण गोधडी शिवताना कापड जमिनीवर पसरलेलं असतं, आपण त्याच्यावरच बसतो आणि सुई चालते. इथे उलटं आहे. सुई स्थिर आणि कापड चालतं.

हे हाताला कळायला मला सहा महिने लागले. सुई लांब असते आणि तिचं नेढं मोठं. अंगुस्तान बोटाच्या टोकावर बसत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी अंगठीसारखं चढवायचं, त्याची चकती तळहाताकडे. सुईचं मागचं टोक त्या चकतीला टेकवायचं आणि पुढचं टोक अंगठा व तर्जनीच्या चिमटीत. मग दोन्ही हातांनी कापड ताठ धरून वर-खाली, वर-खाली हलवायचं. जमलं की कापड आपोआप सुईवर चढत जातं, साडी नेसताना पदराच्या निऱ्या बोटांवर चढतात तसं. याला उनशिन म्हणतात. शाळेत शिवणाच्या तासाला हे उनशिन घटवून घेत, असं वर्गातल्या आजी सांगतात, आणि त्यांचे हात बघितले की ते खरं वाटतं. त्या गप्पा मारत असतात, चहाकडे बघत असतात, आणि सुईवर टाके एकसारखे भरत असतात. भरतकामाची रिंग इथे कोणी वापरत नाही, कारण रिंगीत ताणलेलं कापड हलणार कसं?

टाके केवढे घ्यायचे? वर दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा आणि मधली जागा त्याहून थोडी कमी, तीनाला दोन या मापाने. बारीक टाक्यांचा हव्यास धरू नये. एकसारखेपणा आधी, बारीकपणा नंतर.

ही नक्षी आज मासिकांत आणि दुकानांत ‘सजावटीची शिवण’ म्हणून मांडतात. शिकणारीही सजावटीसाठीच येते, मीही आले. पण या टाक्याचं मूळ काम सजावट नव्हतं, आणि ते काम समजून घेतल्याशिवाय हात नीट बसत नाही असं आता माझं ठाम मत झालं आहे. माझा दोरा ताणला जात होता तो मी चित्र काढत होते म्हणून. पांघरूण शिवणारी बाई दोरा कधीच ताणणार नाही.

ते काम काय होतं हे बघायला उत्तरेला जावं लागतं.

मुख्य बेटाच्या अगदी वरच्या टोकाला आओमोरी. तिथे बर्फ असं पडतं की तळमजल्याच्या खिडक्या बुजतात. हिवाळा लांब, उन्हाळा आखूड, त्यामुळे कापूस पिकत नाही. पिकायचं ते ‘आसा’, म्हणजे भांगेच्या जातीचं धाग्याचं झाड. बायका ते पेरायच्या, कापायच्या, भिजवायच्या, सोलायच्या, सूत काढायच्या आणि घरच्या मागावर विणायच्या. त्याचं कापड उन्हाळ्यात छान, कारण त्याची वीण विरळ असते आणि त्यातून वारा खेळतो. पण हिवाळ्यातही तेच कापड अंगावर. १७२४ मध्ये आओमोरीतल्या त्सुगारूच्या सरंजामदाराने शेतकऱ्यांसाठी काटकसरीचे नियम काढले आणि त्यांना सुती कपडे घालायला बंदी केली. कापूस मुळातच बाहेरून यायचा, महाग होता, त्यात ही बंदी.

मग बायकांनी विरळ कापडाच्या भोकांत दोरा भरायला घेतला. उभ्या धाग्यांवरून आडवा दोरा ओळीओळीने नेत त्यांनी कापडाच्या फटी बुजवल्या. उबेसाठी आणि मजबुतीसाठीही, कारण खांद्यावर ओझ्याचे पट्टे घासून कापड विरायचं. पुढे सुती सूत हाती आलं तेव्हा निळीत रंगवलेल्या आसावर पांढऱ्या दोऱ्याने हे काम होऊ लागलं. यालाच कोगिन म्हणतात. धागे मोजून भरायचे, आणि विषम आकड्यांनी, म्हणजे एक, तीन, पाच, सात. आपल्याकडे कसुती भरणारी बाई कापडावर काही न आखता नुसते धागे मोजत जाते, तसंच. एक ओळ चुकली तर वरची सगळी नक्षी सरकते, म्हणून कोगिनमध्ये नजर आणि मोजणी दोन्ही पक्की लागतात.

शेजारच्या नाम्बु भागात हेच काम सम आकड्यांनी होतं. तिथल्या हिशीझाशीत शंकरपाळ्यासारखी आकृती आडवी, पसरट दिसते, तर कोगिनमध्ये उभी, उंच. दोन सरंजामदारांची हद्द ओलांडली की टाक्याची मोजणीही बदलते. तिसरा मोठा प्रकार आणखी दक्षिणेला, यामागाता प्रांतातल्या शोनाईचा. तिथे बर्फावरून गाडी ओढणाऱ्यांच्या कोटावर छातीखांद्यावरून जाणारा दोर जिथे घासायचा नेमक्या त्याच जागी दाट टाके घालत. नक्षी कुठे घालायची हे तिथे दोराने ठरवलं.

मी गेल्या वर्षी हिरोसाकीला जाऊन आले. तिथे कोगिन जपणारी एक संस्था आहे, कोगिन केंक्यूजो, आणि तिचं बसकं पांढरं घर मायेकावा कुनिओ यांनी बांधलेलं, १९३२ सालचं. मायेकावा पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली शिकून आले होते आणि हे त्यांचं पहिलं काम. चंडीगढ ज्याने आखलं त्याचा चेला. आत टेबलांवर जुन्या अंगरख्यांच्या पाठी मांडलेल्या होत्या. जवळून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा मला नक्षीचे घटक वेगळे दिसायला लागले. यांना मोदोको म्हणतात, आणि त्यांची नावं बोलीतली आहेत. हानाको म्हणजे फूल, मामेको म्हणजे घेवड्याचा दाणा, नेको नो मानागु म्हणजे मांजराचा डोळा. त्सुगारूच्या बोलीत प्रेमाने शब्दाला ‘को’ जोडतात, आपण बाळाचं बाळू करतो तसं. ज्या बायकांनी ही नावं ठेवली त्यांनी नक्षी कुठल्या चित्रसंग्रहातून घेतली नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरात आणि परसात जे होतं तेच त्यांनी भरलं.

कोगिन मागे पडलं त्याचं कारणही सरळ आहे. १८९१ मध्ये टोकियोहून आओमोरीपर्यंत आगगाडी आली, १८९४ मध्ये ती हिरोसाकीला पोचली, आणि स्वस्त सुती कापड घरोघरी झालं. ज्या कामाची गरज उरली नाही ते काम हातातून गेलं. याचं मला वाईट वाटत नाही. थंडीत पोरांच्या अंगावर गरम कपडा आला, हे चांगलंच झालं. पुढे यानागी सोएत्सु यांनी १९३२ मध्ये कोगिनवर लिहिलं तेव्हा जुन्या वस्तू अडगळीतून पुन्हा बाहेर येऊ लागल्या. रोजच्या वापरातल्या अनाम कारागिरीसाठी ‘मिंगेई’ हा शब्द रूढ करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी टोकियोत उभारलेलं लोककलांचं संग्रहालय १९३६ पासून उभं आहे.

पण कोगिन ही त्या मानाने अंगावर मिरवण्याची वस्तू. ज्या घरात तेवढंही नव्हतं तिथे बोरो होतं.

बोरो म्हणजे चिंध्या. ओसाकाकडून निघणारी कितामाएबुने ही व्यापारी जहाजं जपानच्या समुद्रातून उत्तरेला जायची, त्यांतून जुने सुती कपडे आणि तुकडे यायचे. वरच्या बंदरांत लोक ते विकत घ्यायचे, आणि मग कुठलीच चिंधी वाया जायची नाही. फाटलं की ठिगळ, ठिगळ फाटलं की त्याच्यावर ठिगळ. असं करत करत एखादी पांघरायची वस्तू, तिला दोंजा म्हणतात, उचलायला जड होईपर्यंत वाढायची. तिच्यात घरचे सगळे एकत्र शिरून झोपत. बोदोको नावाचं चिंध्यांचं अंथरूण बाळंतपणात खाली घालत. म्हणजे आजी-पणजीच्या कपड्यांवर पोर जन्माला यायचं.

हे सगळं जमवलं ते आओमोरीच्या तानाका चुझाबुरो यांनी. १९३३ चा जन्म, २०१३ मध्ये गेले. ते दारोदार हिंडले. त्यांच्या संग्रहातले त्सुगारू आणि नाम्बुकडचे ७८६ साशिको कपडे १९८३ मध्ये देशाचा महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झाले. कुरोसावांच्या ‘ड्रीम्स’ या चित्रपटासाठीही त्यांनी जुने कपडे दिले होते. टोकियोत आसाकुसाला २००९ ते २०१९ त्यांच्या बोरोचं संग्रहालय होतं, जिथे कपड्यांना हात लावायला मुभा होती. ते बंद झाल्यावर मी टोकियोत आले, ही माझ्या मनातली खंत आहे.

आज बोरोच्या नावाने मुद्दाम फाडलेल्या, मुद्दाम ठिगळं लावलेल्या जीन्स मोठ्या किमतीला विकल्या जातात. मला ते रुचत नाही. जिच्या घरी हे होतं ती बाई ते दाखवायची नाही, लपवायची. गरिबीची खूण होती ती. तिचा टाका शिकायला आपण जातो तेव्हा तिच्या थंडीची आठवण ठेवून शिकावा, आणि शिकून जे खरंच फाटलं आहे त्यावर घालावा. घरात फाटलेलं पुष्कळ असतं.

तुकडे जोडून कापड करण्याची जपानी परंपरा याहूनही जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्याकडूनच गेला आहे. विनयात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांत, सांगितलं आहे की मगधाची भातशेती बघून बुद्धांनी आनंद या शिष्याला सांगितलं आणि त्याने चीवराचे, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राचे, तुकडे जोडण्याची पद्धत बसवली, बांध आणि खाचरं यांच्यासारखी. ते चीवर बौद्ध भिक्षूंबरोबर चीन, कोरियातून जपानला गेलं. संस्कृत ‘काषाय’चं तिथे ‘केसा’ झालं. नाराच्या शोसोइन कोठारात सम्राट शोमूंच्या वस्तू आहेत, ७५६ मध्ये सम्राज्ञीने देवळाला वाहिलेल्या. त्यात एक केसा आहे, वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांचे थर एकावर एक ठेवून सगळीकडे बारीक धावदोरा घातलेला. रेशमाला मुद्दाम चिंध्यांचा आभास दिला, कारण भिक्षूने टाकून दिलेल्या चिंध्यांचं वस्त्र नेसावं, असा नेम. तुकड्यांतून आशीर्वाद गोळा करण्याचा प्रकार कानाझावा भागात होता. नाजूक बाळासाठी घरोघरून तुकडे मागून आणायचे आणि शंभर तुकड्यांचं अंगडं शिवायचं, त्याला ह्याकुतोकु म्हणतात. आणि बाळाच्या किमोनोवरचा पाठीचा टाका तर मला सगळ्यांत आवडतो. मोठ्यांच्या किमोनोला पाठीच्या मधोमध शिवण असते, ती पाठ राखते असं मानतात. बाळाचा किमोनो एकाच पन्ह्याचा, त्याला पाठीला शिवणच नाही. मग मागून काही वाईट आत शिरू नये म्हणून तिथे मुद्दाम रंगीत दोऱ्याचे टाके घालतात, त्याचं नाव सेमामोरी, पाठराखण. आसानोहाही बाळांच्या कपड्यावर घालतात, कारण आसाचं झाड सरळ आणि भराभर वाढतं.

आता ज्यांना हातात सुई घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

पहिलं काम फडक्याचंच करावं. जपानी घरात त्याला हाना-फुकिन म्हणतात, भांडी पुसायला वापरतात. चुकलं तरी ते वापरता येतं, आणि वापरलं की चूक कुठे झाली ते आपोआप कळतं. कापड मऊ आणि विरळ विणीचं घ्यावं. मांजरपाट चालतो, हातमागाचं सुती त्याहून चांगलं. घट्ट विणीचं चादरीचं कापड घेऊ नये, सुई अडते आणि हात दुखतो. कापड आधी पाण्यातून काढून घ्यावं. न काढता शिवलं तर धुतल्यावर कापड आकसतं आणि दोरा तेवढाच राहतो. दोरा जाड, सुती, हलक्या पिळाचा हवा. भरतकामाची सहा पदरी लडी घेतली तर तिचे पदर सुटतात आणि टाका चपटा बसतो. आपल्याकडे पर्ल कॉटन मिळतं, ते चालतं. दोरा हाताच्या लांबीएवढाच घ्यावा, त्याहून मोठा घेतला की तो घासून विरतो.

आखणी पाण्याने जाणाऱ्या पेनाने किंवा खडूने करायची. पाच मिलिमीटरच्या चौकटी आखून सुरुवात करावी. नक्षीचे दोन मार्ग आहेत. एकात रेषांवरून शिवत जाऊन आकृती होते, याला मोयोझाशी म्हणतात, माझी आसानोहा या जातीची. दुसऱ्यात एकेक चौकट एकेक टाका, हितोमेझाशी. नवीन माणसाने माझ्यासारखी घाई न करता हितोमेझाशीने सुरुवात करावी. काकी नो हाना, म्हणजे काकी नावाच्या फळाचं फूल, ही नक्षी नुसत्या आडव्या आणि उभ्या ओळींनी होते. आधी सगळ्या आडव्या ओळी घालायच्या, तोवर काहीच दिसत नाही. मग उभ्या ओळी सुरू केल्या की तिसऱ्या-चौथ्या ओळीला फुलं उमलायला लागतात. आणि पुढे जिथे टाका, तिथे मागे जागा, म्हणून मागच्या बाजूलाही नक्षी तयार होते.

गाठ मारू नये. फडक्याच्या दोन पदरांमधून सुई घालून तीन-चार टाके उलट घ्यायचे आणि मग त्यांच्यावरूनच परत यायचं, दोरा सुटत नाही. कोपऱ्यावर टाक्याचं टोक नेमकं कोपऱ्यात पडलं पाहिजे, त्यासाठी कोपऱ्याच्या आधीचे दोन-तीन टाके थोडे लहानमोठे करून घ्यावेत. जिथे बऱ्याच रेषा एकत्र मिळतात तिथे सगळे टाके एकमेकांवर चढवू नयेत, मधे बारीकशी जागा रिकामी सोडावी. माझ्या पहिल्या आसानोहात प्रत्येक सहा टोकांच्या मधोमध दोऱ्याचा गोळा झाला होता. त्या जागी आता मी दोरा थांबवते, आणि मागून पुढच्या रेषेला जाताना तोच तो बारीक झोळ सोडते.

या टाक्याची गरज अलीकडेही एकदा पडली. मार्च २०११ ची त्सुनामी इवाते प्रांतातल्या ओत्सुची गावावरून गेली. छावणीतल्या बायकांना हातात काही काम नव्हतं, आणि तिथल्या दाटीत सुई-दोरा आणि कापडाच्या तुकड्याला जागा पुरते. म्हणून तिथे साशिको सुरू झालं, आणि पुढे तो त्यांचा धंदा झाला. तिथे केलेलं एक फडकं आमच्या वर्गात आहे. समुद्री पक्षी आहे त्यावर. सेन्सेई नवीन मुलीला ते उलटं करून दाखवतात.

८ फेब्रुवारीला आसाकुसाच्या सेन्सो-जी देवळात, आवाशिमा-दोपुढे, सुयांची पूजा असते, हारी-कुयो. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन बायका येतात आणि त्या तोफूच्या मोठ्या वडीत टोचून ठेवतात. जन्मभर कठीण कापडांतून गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून. मीही गेले, तेव्हा मला खंडेनवमीला घरात शिलाई मशीनला हळदकुंकू वाहणारी आई आठवली. रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या, त्यांनी कागदाची पुडी उघडून सात सुया एकेक करून मोजल्या आणि टोचल्या. माझी एकच होती, आसानोहा उसवताना वाकलेली. तोफूत ती इतकी सहज गेली की हाताला कळलंसुद्धा नाही.

घरी आले तेव्हा टेबलावर तिसरं फडकं तसंच पडलं होतं, एक कोपरा राहिलेलं. नव्या सुईत दोरा ओवला.